सासूबाईंचं अंदाजपत्रक कार्यालय

माझ्या सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर दोह्याला आल्या, त्या वर्षी शहरातला एकही रस्ता सलग दोन दिवस एका जागी राहत नव्हता. वर्ल्ड कपला अजून काही वर्षं होती, पण मेट्रोची खोदाई, नवे पूल, स्टेडियम असं सगळं एकदमच निघालं होतं. इथे पत्ता सांगायचा तो राउंडअबाउटवरून, आणि नेमके राउंडअबाउट उखडून तिथे सिग्नल बसत होते. माझा नवरा मेट्रोच्या बोगद्यांत हवा खेळती ठेवायच्या कामावर होता. त्यामुळे अल सद्दच्या आमच्या बिल्डिंगमधले लोक बंद रस्त्यांबद्दल लिफ्टमध्ये त्यालाच जाब विचारायचे.

सासूबाई विधिमंडळाच्या ग्रंथालयात तीसेक वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या आणि आता नाशिकला राहत होत्या. अधिवेशन सुरू असलं की आमदार, त्यांचे पीए, कधी एखादे मंत्री त्यांच्या टेबलाशी येत आणि अमुक खात्याला मागच्या पाच वर्षांत किती मिळाले ते काढून द्या म्हणत. हिवाळी अधिवेशनाला पुस्तकांचे पेटारे घेऊन त्या नागपूरला जात. राजकारणाच्या इतक्या जवळ आयुष्य काढलेल्या या बाईंना कशाबद्दलही मत नव्हतं, याचा मला मनापासून राग यायचा. पडदे निळे लावू की मातकट, असं विचारलं तर म्हणायच्या, दोन्ही चांगले आहेत. नवऱ्याशी भांडण झालं आणि मी त्यांच्याकडे न्याय मागायला गेले, तर त्याचं म्हणणं असं आहे आणि तुझं असं, हे त्या इतकं अचूक सांगायच्या की भांडायची मजाच जायची.

मी तेव्हा आमच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी होते. मंडळाच्या बैठका अल नस्रमधल्या एका शाकाहारी हॉटेलच्या माडीवर, शुक्रवारी दुपारी जेवणं उरकली की होत. हॉटेलवाला जागेचं भाडं घेत नसे, पण चहा त्याचाच प्यावा लागे. त्या वर्षी दिवाळीच्या स्नेहसंमेलनावरून मंडळात दोन तट पडले होते.

एका तटाचे पुढारी म्हणजे आमचे अध्यक्ष. पुण्याचे, गॅस कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांचं म्हणणं, सगळं शहर जगासाठी नटतंय, मग आपणच दरवर्षी शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या घालून का बसायचं? समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलचा बॉलरूम घ्यायचा आणि पुण्याहून गाणाऱ्यांचा संच बोलवायचा. दुसऱ्या तटाचे पुढारी होते परभणीचे एक सेफ्टी सुपरवायझर. ते इंडस्ट्रियल एरियाच्या बाजूला राहायचे आणि त्यांच्या हाताखाली आपल्याकडची बरीच पोरं कामाला होती. ते म्हणत, बरवा अल बराहा या कामगारांच्या वसाहतीजवळ मोकळं मैदान आहे, तिथे करू. मंडळाच्या कार्यक्रमाला कामगार पोरं कधी येतच नाहीत, कारण येणार कशी?

मी अध्यक्षांच्या बाजूची होते, आणि त्यामागे कुठलंही तत्त्व नव्हतं. मी एक नाटक लिहिलं होतं. एका फ्लॅटमध्ये भिंत घालून राहणाऱ्या दोन कुटुंबांचं. त्याला खरा पडदा आणि खरं स्टेज पाहिजे होतं, आणि ते त्या बॉलरूममध्ये होतं. मी जाऊन हळूच स्टेजवर उभी राहूनही आले होते.

दोन बैठका नुसत्या भांडणात गेल्या. अध्यक्ष म्हणायचे, सगळं मिळून काही फार होत नाही. सुपरवायझर म्हणायचे, मैदानाला तर काहीच लागत नाही. मग अध्यक्षांच्या बाजूचं कुणी म्हणायचं की यांना संस्कृतीची किंमत नाही, आणि सुपरवायझरांच्या बाजूचं कुणी म्हणायचं की यांना माणसाची नाही. तेवढ्यात चहा यायचा.

तिसऱ्या बैठकीला मी सासूबाईंना बरोबर नेलं, कारण नवरा बोगद्यात होता आणि त्यांना घरी एकटं ठेवायचं माझ्या जिवावर आलं. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून दोन्ही बाजू ऐकत होत्या. तासाभराने त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. सगळे थांबले. त्यांनी विचारलं, "या दोन्ही आकड्यांमध्ये लोकांना आणायच्या बसचं भाडं धरलंय का?"

कोणीच धरलं नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, बसचं नंतर बघू. सुपरवायझर म्हणाले, बस काय, पोरं चालत येतेत. मग इकडे शहरात राहणाऱ्या बायकामुलांचं काय, असं सासूबाईंनी विचारलं, आणि त्या खुर्चीवर मागे रेलून बसल्या. आपला प्रश्न संपला, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

आमच्या खजिनदार वसईच्या एक कॅथलिक बाई होत्या. एका हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये काम करायच्या आणि कोणाचं फारसं ऐकून घ्यायच्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की दोन्ही बाजूंचे आकडे आपापल्या सोयीचे आहेत, आणि ते तपासायचं काम या काकींनाच द्या. या इथे कोणाच्या मैत्रीण नाहीत, कोणाच्या बॉस नाहीत, आणि तीन महिन्यांनी निघून जाणार आहेत. याहून स्वतंत्र माणूस दोह्यात मिळायचा नाही.

सासूबाईंनी लगेच हो म्हटलं नाही. त्यांनी आधी आम्हाला समजावून सांगितलं, आणि मी त्यांना एवढं सलग बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. त्या म्हणाल्या की काही देशांत संसदेचं स्वतःचं एक लहानसं कार्यालय असतं. सरकारने एखादी योजना आणली किंवा विरोधकांनी एखादी मागणी केली, की तिला खरोखर किती लागेल हे ते कार्यालय मोजतं. ते सरकारचं नसतं आणि विरोधकांचंही नसतं. योजना चांगली की वाईट, यावर ते एक शब्द बोलत नाही. पण मग सभागृहातलं भांडण निदान एकाच आकड्यावरून होतं. परदेशातून येणारे त्या कार्यालयांचे अहवाल ग्रंथालयात येत, तेव्हा नोंदवायच्या आधी त्या ते घरी नेऊन वाचत असत. हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. तो समजत होता की आई रात्री मासिकं वाचायची.

मग त्यांनी अटी घातल्या. प्रश्न कोणीही विचारावा, पण उत्तर दोन्ही बाजूंना एकाच वेळी मिळेल. त्यांचं टिपण बैठकीत वाटायच्या आधी कोणालाही दिसणार नाही. कोणती योजना घ्यावी हे त्या सांगणार नाहीत, आणि त्यांना ते विचारायचंही नाही. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घरातली माणसंही यात आली."

सगळे हसले. मीही हसले, कारण मला वाटलं की त्या गमतीने म्हणताहेत.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात एक स्वतंत्र कार्यालय सुरू झालं. ते जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला होतं. सकाळी नऊ ते एक काम, मग जेवण, मग चार ते सहा. एक दोनशे पानी वही होती, आणि मी चहा घेऊन गेले की तिच्यावर वर्तमानपत्र पडायचं. नवऱ्याला हे सगळं फारच आवडलं. ऑफिसातून आला की तो मला हळू आवाजात विचारायचा, कार्यालय बंद झालंय का, म्हणजे मी टीव्ही लावतो.

अध्यक्षांनी पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हरबरोबर अर्धा किलो काजूकतली पाठवली. सोबत चिठ्ठी होती की काकू, दोह्यात आपलं स्वागत. मी डबा उघडणार तोच सासूबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, वहीत नोंद केली आणि फ्रिजमध्ये सगळ्यात मागे ठेवून दिला. पुढच्या बैठकीत त्यांनी तो डबा टेबलावर ठेवला आणि ही कार्यालयाला आलेली भेट आहे, सगळ्यांनी घ्यावी, असं सांगितलं. अध्यक्षांना आपलीच काजूकतली सुपरवायझरांच्या हातून घ्यावी लागली. त्याही त्यांनी दोन घेतल्या.

मला मात्र या कार्यालयाचा जाच व्हायला लागला. नाटक हा हॉटेलच्या योजनेचा भाग असल्यामुळे नाटकाला काय काय लागेल, ते मी लेखी द्यायचं होतं. मी एका कागदावर लिहून दिलं: नेपथ्य साधं, प्रकाशयोजना किरकोळ. संध्याकाळी तो कागद फ्रिजच्या दारावर मॅग्नेटखाली परत आला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, किरकोळ म्हणजे किती दिवे? मी लिहिलं, सहा. दुसऱ्या दिवशी विचारणा झाली की सहा दिवे हॉटेलचे की बाहेरून आणायचे, आणि ते चालवणारा माणूस मंडळाचा की पगारी? मी लिहिलं, चौकशी करून सांगते. त्यावर उत्तर आलं की तोपर्यंत बाहेरचे आणि पगारी असं धरते. आम्ही दोघी एकाच ओट्यावर कांदा चिरत होतो, आणि पत्रव्यवहार फ्रिजवर चालू होता. नवरा दूध काढायच्या आधी तो वाचून घ्यायचा.

एका शुक्रवारी सकाळी नाश्त्याला पोहे देताना मी सरळच विषय काढला. म्हटलं, आई, मी काही आकडे विचारत नाही. तुम्ही नाटकाची वही वाचलीत, तेवढंच सांगा कसं वाटलं. त्यांनी पोह्यांवर लिंबू पिळलं आणि म्हणाल्या की टिपण झाल्यावर बोलू. मला ते लागलं. दोन वर्षं बसून लिहिलेलं नाटक होतं ते, आणि बाहेरच्या कोणी नव्हे, घरातल्या माणसाने वाचलेलं. मी दिवसभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्या जशा रोज बोलायच्या तशाच बोलल्या, त्यामुळे माझा राग त्यांना कळला की नाही हेही मला कळलं नाही.

त्या दोन्ही जागा बघून आल्या. हॉटेलात मी त्यांना घेऊन गेले. तिथला मॅनेजर माझ्याशी पडद्याबद्दल बोलत होता, तेवढ्यात यांनी पावलांनी हॉल मोजला आणि स्टेज लावल्यावर खुर्च्या किती उरतात ते त्याला विचारलं. तो आकडा मंडळाच्या सभासदांच्या जेमतेम निम्मा होता. मला तो माहीत होता. मी फक्त तो कधी मोठ्याने म्हटला नव्हता.

मैदान बघायला सुपरवायझर त्यांना आपल्या पिकअपमधून घेऊन गेले. मीही गेले, कारण एकट्या सासूबाईंना पिकअपमध्ये चढवणं बरं दिसलं नसतं. रस्ता तीन ठिकाणी वळवलेला होता, आणि सुपरवायझर दर वळणावर म्हणत होते, मागच्या आठवड्यात हे नव्हतं मावशी. मैदान मोठं होतं, सपाट होतं, आणि त्याखेरीज तिथे काहीही नव्हतं. सासूबाईंनी विचारलं, वीज? सुपरवायझर म्हणाले, जनरेटर. बाथरूम? आणावे लागतील. परवानगी? त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग सासूबाईंनी विचारलं की तुमची पोरं कामावरून किती वाजता परततात.

"शुक्रवारी ज्याला ड्युटी हाय ते तीनला उतरतेत बसमधून," सुपरवायझर म्हणाले. "आंघोळ करतेत, नमाज असंल तर नमाज, मंग गावाकडं फोन. पाचच्या आधी कुणी यायचं नाही मावशी."

सासूबाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. परतताना त्या एवढंच म्हणाल्या की कार्यक्रम दुपारी चारला, असं दोन्ही योजनांत छापलंय.

टिपण तयार झालं तेव्हा त्याच्या प्रती काढायला आम्ही अल नस्रमधल्या एका टायपिंग सेंटरमध्ये गेलो. तिथला मल्याळी माणूस अर्ज, व्हिसाचे कागद, करारनामे, असं सगळं दिवसभर करत असतो. सासूबाईंनी त्याला हिंदीत सांगितलं की कागद उलटे ठेवून मशीनमध्ये घालायचे. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला मराठी येत नाही, असं मी म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, तुला येतं ना.

पुढच्या बैठकीला माडी भरून गेली होती. एरवी न येणारे लोकही आले होते. टिपण चार पानांचं होतं, हाताने लिहिलेलं, ग्रंथालयाच्या कार्डांवर पुस्तकांची नावं लिहून घोटीव झालेल्या अक्षरात. पहिल्या पानावर हॉटेल, दुसऱ्यावर मैदान, तिसऱ्यावर काय काय गृहीत धरलं त्याची यादी. रकमा मी इथे देत नाही, कारण तेव्हाची काही माणसं अजून मंडळात आहेत. पण हॉटेलचा आकडा अध्यक्षांच्या ‘फार होत नाही’पेक्षा पुष्कळ जास्त होता. गाणाऱ्यांचे व्हिसा, त्यांच्या वाद्यांचं विमानभाडं, हॉटेलचं ‘किमान एवढं जेवण घ्यावंच लागेल’, आणि माझे सहा दिवे, बाहेरचे आणि पगारी. मैदानाचा आकडा सुपरवायझरांच्या ‘काहीच लागत नाही’पेक्षाही पुष्कळ जास्त होता. दोघेही आपापलं पान सोडून दुसऱ्याचं पान वाचत होते, आणि दोघांचे चेहरे खुलले होते. मग त्यांनी पानं उलटली.

अध्यक्षांची पहिली तक्रार होती की प्रत्येक रक्कम ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशी का लिहिली आहे. एकच आकडा द्या ना काकू, म्हणजे ठरवता येतं. सासूबाई म्हणाल्या, "एकच आकडा देता आला असता. तो चुकला असता, एवढंच."

अध्यक्षांची दुसरी तक्रार चौथ्या पानाबद्दल होती. त्यावर सासूबाईंनी लिहिलं होतं की चार वाजता कार्यक्रम ठेवला तर कोणत्या जागी कोण पोचू शकणार नाही. हॉटेलमध्ये कामगारांतलं जवळपास कोणीच नाही. मैदानावर बस ठेवली नाही, तर गाडी नसलेल्या घरांतल्या बायका आणि मुलं नाहीत. अध्यक्ष म्हणाले, हे तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं. त्यांचा आवाज थोडा चढला होता. सासूबाईंनी अगदी शांतपणे विचारलं, "ताटं किती, हे माणसं मोजल्याशिवाय मी कसं लिहू?"

त्यानंतर जी चर्चा झाली, तशी आमच्या मंडळात कधी झाली नव्हती. संस्कृती आणि माणुसकी हे दोन्ही शब्द तासभर कोणाच्या तोंडात आले नाहीत. सगळे जनरेटरबद्दल बोलत होते. पाचला सुरू केलं तर मुलांची जेवणं किती वाजता, यावर एक बाई उठून बोलल्या, ज्या चार वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या. गाणाऱ्यांचा संच न बोलावता मंडळातलेच गाणारे चालतील का, असं कोणीतरी विचारलं. मंडळातले गाणारे तिथेच बसलेले असल्यामुळे चालणार नाही असं म्हणायची सोय नव्हती. सगळ्यात शेवटी अध्यक्षांनी सासूबाईंना विचारलंच की नियम राहू दे बाजूला, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? सगळी माडी त्यांच्याकडे बघायला लागली. त्यांनी कप उचलला आणि तो संपवला. मग खजिनदार बाईंनी हात वर करायला सांगितले.

मैदान थोडक्या मतांनी जिंकलं. मी हॉटेलला हात वर केला होता. हे कबूल करते, कारण कोणी कुठे हात वर केला त्याची नावानिशी यादी मंडळाच्या वहीत आहे.

आम्ही टॅक्सीने घरी आलो. बिल्डिंगच्या खाली उतरल्यावर सासूबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "आता सांगते. नाटक चांगलं आहे. दुसरा प्रवेश लांबलाय. त्यातली सून जरा जास्त बोलते, पण ते मुद्दाम असेल." मला तिथेच रडू आलं. वॉचमन बघत होता म्हणून आम्ही लिफ्टमध्ये गेलो. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ भेटले, त्यांनी मेट्रोच्या कामाबद्दल चार गोष्टी सुनावल्या, आणि मी रडत रडत हो हो म्हणत राहिले. मग रात्रीच्या स्वयंपाकाला लागायच्या आधी आम्ही दोघींनी बसून दुसऱ्या प्रवेशातली पाच पानं काढून टाकली. त्या कात्री चालवायला एकदम निर्दय निघाल्या. इतकी वर्षं दोन्ही बाजू सांगणाऱ्या या बाईंना प्रत्येक वाक्याबद्दल मत होतं, आणि ते बहुतेक वेळा बरोबर होतं.

अध्यक्ष आठवडाभर रुसले. पण त्यांच्या हातात आता टिपण होतं, आणि त्यात जनरेटरची रक्कम ठळक दिसत होती. माणूस मुळात इंजिनीयर. त्यांना ती रक्कम बघवेना. त्यांनी ओळखीच्या एका ठेकेदाराकडून जनरेटर नुसत्या तेलाच्या खर्चावर मिळवला आणि मग परवानगीच्या अरबी अर्जामागेही तेच लागले. ‘इन्शाल्ला, बुकरा’, म्हणजे देवाच्या मनात असेल तर उद्या, असं म्हणणाऱ्या माणसासमोर रोज जाऊन बसायचे. सुपरवायझरांनी माझ्या नाटकाला स्टेज म्हणून एक लांब ट्रेलर आणला, एरवी लोखंडी सळया वाहणारा.

माझं नाटक त्या ट्रेलरवर झालं, आणि त्यातली सून मीच होते. पडदा म्हणून निळी ताडपत्री होती. ती ओढायला चार माणसं लागायची आणि ती कुरकुरायची. नोव्हेंबरचा वारा माइकमध्ये शिरून असा काही घोंघावत होता की फ्लॅटमधल्या भांडणाला वादळाची साथ मिळाली. पहिल्या रांगांत अल सद्दची कुटुंबं खुर्च्यांवर होती. मागे पोरं उभी होती, आंघोळ करून, केस विंचरून, इस्त्रीचे शर्ट घालून. भाड्याची खोली वाटून घ्यायचे विनोद खुर्च्यांवर बसलेल्यांना बरे वाटले. मागच्यांना ते इतके ओळखीचे होते की हसता हसता एकमेकांच्या पाठीवर थापा पडत होत्या. एका विनोदाला तर मला तीन वेळा थांबावं लागलं. तेवढं हसू मला बॉलरूममध्ये मिळालं असतं की नाही, याचा अंदाज कोणी मागू नये.

घोटाळा जेवणात झाला. मसालेभात निम्मी रांग व्हायच्या आत संपला. सासूबाई भांड्यापाशी जाऊन आत डोकावून आल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. सुपरवायझरांनी एक मिनिट घालवलं नाही. यल्ला, चला, म्हणून दोन पोरांना पिकअपमध्ये घातलं आणि जवळच्या बेकरीतून गरम खुबूसच्या, म्हणजे अरबी रोट्यांच्या, थप्प्या आणल्या. बटाट्याचा रस्सा उरला होता. खुबूस आणि रस्सा, वर चिवडा, असं जेवण झालं, आणि पोरं म्हणाली की भातापेक्षा हेच बरं. सासूबाई मात्र स्वतः जेवल्या नाहीत. घरी येऊन दूध प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता कार्यालय उघडलं. मी म्हटलं, आई, झालं की आता सगळं, खलास. त्या म्हणाल्या, अंदाज चुकलाय, तो का चुकला हे लिहून द्यायला पाहिजे. त्यांनी सुपरवायझरांना फोन केला, खजिनदार बाईंना केला, वाढणाऱ्यांना केला. मग एक पानाचं टिपण लिहिलं. कामगारांतली मराठी पोरं किती येतील, याबद्दल अध्यक्षांनी कमी आकडा सांगितला होता, सुपरवायझरांनी जास्त, आणि त्यांनी मधला धरला होता. मराठी पोरं जवळपास तेवढीच आली. पण प्रत्येक जण आपल्या खोलीतल्यांना घेऊन आला होता. नेपाळी, तेलुगू, बंगाली. खोलीतल्यांना सोडून दिवाळीचं जेवायला एकट्याने कसं जायचं, असं एकाने त्यांना फोनवर सांगितलं. सासूबाईंनी तेही टिपणात घातलं आणि खाली लिहिलं की ही शक्यता लक्षात यायला हवी होती, ती आली नाही, ही माझी चूक.

ते पान बैठकीत वाचलं तेव्हा अध्यक्षांनी टोपी नसताना टोपी काढल्यासारखा हात केला. आपली चूक सहीनिशी वाटणारं माणूस आमच्या मंडळाने याआधी पाहिलं नव्हतं. चार दिवसांनी त्या नाशिकला परत गेल्या. विमानतळावर सोडायला सहा गाड्या आल्या होत्या, दोन्ही तटांच्या.

नंतर मंडळाने हे पद कायमचं करायचं ठरवलं. मी लगेच माझं नाव सुचवलं. म्हटलं, सगळी पद्धत मी घरी बघितली आहे. खजिनदार बाई म्हणाल्या, "तुम्ही नको. तुमचं दरवर्षी नाटक असतं." त्यावर वादाला जागा नव्हती. मग एक नवाच प्रघात पडला. ऑगस्टपासूनच बैठकीत विचारणा व्हायची की दिवाळीच्या सुमाराला कोणाचे आईवडील व्हिजिट व्हिसावर येणार आहेत, आणि ते कशातून निवृत्त झाले आहेत. एकांच्या घरी सांगलीहून वडील आले, बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. त्यांना मोठ्या मानाने बसवलं. त्यांनी टिपण उत्तम केलं, पण प्रत्येक रकमेसमोर सल्लाही लिहिला: हे करू नये, हा हट्ट सोडावा, अध्यक्षांनी वजन कमी करावं. दोन बैठकांत त्यांनी दोन्ही तटांशी भांडण काढलं, आणि तिसऱ्या बैठकीला दोन्ही तटांनी मिळून त्यांना निरोप दिला.

मी हे सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, बेरजा तरी बरोबर होत्या का? मी टिपणाचे फोटो पाठवले. संध्याकाळी त्यांचा निरोप आला की दोन ठिकाणी चूक आहे, काकांना कळव. मी कळवलं. काका आधी चिडले, मग तपासलं, मग त्यांनी नाशिकचा नंबर मागितला. आता ते सांगलीला परत गेलेत, आणि दर रविवारी सकाळी दोघं तासभर फोनवर बोलतात. काय बोलतात, असं नवऱ्याने एकदा आईला विचारलं. आकडेमोड, असं त्या म्हणाल्या आणि विषय बदलला.